इंग्रजीचे पंचवीस प्रश्न आणि आपली माघार



२०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात ४,६४४ जागा होत्या आणि त्यांच्यासाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शंभर प्रश्नांची, दोनशे गुणांची. मराठीचे २५ प्रश्न, इंग्रजीचे २५, सामान्य ज्ञानाचे २५ आणि बौद्धिक चाचणी व अंकगणिताचे २५. राखीव प्रवर्गासाठी शुल्क ९०० रुपये. अंबड तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमधून हे ९०० रुपये कोणी मजुरीतून भरले, कोणी उसने घेऊन भरले. आणि परीक्षेत काय झाले? आमच्या कितीतरी भावाबहिणींनी इंग्रजीचा भाग शेवटी ठेवला आणि वेळ संपता संपता अंदाजाने पर्याय दाबत सुटले. म्हणजे दोनशेपैकी पन्नास गुण परीक्षा केंद्राच्या दारातच ठेवून आत गेले. जिथे अर्ध्या-एका गुणावर माणूस यादीच्या आत किंवा बाहेर जातो, तिथे पन्नास गुण सोडून देणे म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच मैदान सोडणे आहे.

पण याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. अंबडला पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांना विचारा की पोलीस भरतीच का करतोस? वर्दीची आवड आहे, असे काही जण सांगतात आणि ते खरेही असते. पण मोकळेपणाने बोलायला लागले की बरेच जण सांगतात, "त्यात इंग्रजी नाही ना!" पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असते. इंग्रजी नसते. पोलीस होणे चांगलेच आहे, आपली माणसे ठाण्यात असलीच पाहिजेत. पण एखादी भरती आवडते म्हणून निवडणे आणि दुसऱ्या सगळ्या भरत्यांची भीती वाटते म्हणून निवडणे, या दोन गोष्टी एक नाहीत. दुसरीला माघार म्हणतात.

या माघारीची किंमत मोजून बघा. बँकेच्या लिपिक व अधिकारी पदाच्या आयबीपीएस पूर्व परीक्षेत शंभरपैकी ३० प्रश्न इंग्रजीचे असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत इंग्रजी चुकत नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर आहे. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिका तुमच्या उपयोगाच्या राहत नाहीत. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही त्याच वर्णनात्मक धर्तीवर आली आहे. प्राध्यापक व्हायचे तर समाजशास्त्राची 'नेट' मराठीत देता येत नाही, इंग्रजीत द्या नाहीतर हिंदीत. परदेशी शिष्यवृत्तीचे तर विचारूच नका. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत आपल्यासाठी जागा आहेत, केंद्राच्या योजनेतही आहेत. पण त्या जागांपर्यंत जाणारा रस्ता इंग्रजीतून जातो, आणि अंबड-घनसावंगीकडचे आमचे हुशार पोरगे त्या रस्त्याकडे बघतसुद्धा नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. इंग्रजीचा हा पेपर आपल्यावर अन्याय करतो, म्हणून त्याविरुद्ध बोलले पाहिजे. आणि बोलणे चालू असतानाच हा पेपर आपण काढलाही पाहिजे. यातले फक्त एकच करणाऱ्यांचे काम अर्धवट राहते.

'कच्चे' इंग्रजी येते कुठून?

"आमचे इंग्रजी कच्चे आहे," असे आपली मुले अशा सुरात सांगतात, जणू तो रक्तातला दोष आहे. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हे ऐकून राग यावा. ज्या घरात आजोबा शिकले, वडील शिकले, घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते, मामा पुण्याला कंपनीत आहे, त्या घरातले मूल परीक्षेला बसण्याआधीच अर्धा पेपर ऐकून-बोलून आलेले असते. पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला 'सांस्कृतिक भांडवल' असे नाव दिले. परीक्षा त्या भांडवलाला 'गुणवत्ता' म्हणते. वारशाने मिळालेल्या वस्तूला गुणवत्ता म्हणायची सवय या देशाला फार जुनी आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता आपल्या मुलुखाकडे बघा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकार-दरबारची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. त्याआधी इथल्या दलित मुलाने पदवीचे स्वप्न बघायचे तरी कुठे? जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला झाला. म्हणजे आपल्याकडे पदवीपर्यंत पोहोचलेल्या पिढ्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत.

त्यात शाळा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. निर्णय चांगला होता. पण जिल्हा परिषद शाळेतला तोच एक गुरुजी गणित, परिसर, जनगणना, निवडणूक आणि वर इंग्रजी असे सगळे सांभाळणार असेल तर मुलांच्या हाती काय लागणार? 'असर'चा २०२२ चा अहवाल देशाच्या ग्रामीण भागाचे चित्र सांगतो. इंग्रजीतले साधे वाक्य वाचू शकणारी मुले पाचवीत २४.५ टक्के आणि आठवीत ४६.७ टक्के. म्हणजे आठवी संपताना निम्म्याहून अधिक मुलांना साधे वाक्यही वाचता येत नाही. आणि वाचणे म्हणजे समजणे नव्हे, ती पुढची पायरी.

आपल्या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीच्या आसपास उसाच्या फडाकडे गाड्या निघतात आणि आईबापाबरोबर मुलेही जातात. परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. इतिहासाचा एखादा धडा बुडाला तर पुढचा वाचता येतो. भाषेचे तसे नसते. वर्तमानकाळ बुडाला की पूर्ण वर्तमानकाळ कळत नाही, आणि तो कळला नाही की कर्मणी प्रयोग डोक्यावरून जातो. दरवर्षी चार-पाच महिन्यांची भगदाडे पडत गेली की दहावीला जे उरते, त्याला आपण 'कच्चे इंग्रजी' म्हणतो. ते कच्चे राहिले त्याचे कारण फड आहे, गरिबी आहे आणि व्यवस्था आहे. तुमचा मेंदू त्याचे कारण नाही, हे आधी मनातून पक्के करा.

रामजी सुभेदारांची शिकवणी

बाबासाहेबांच्या इंग्रजीचा आपण अभिमान बाळगतो. त्यांचे इंग्रजी ऐकून गोलमेज परिषदेत भलेभले चकित झाले, असे भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण ते इंग्रजी आले कुठून, हे फारसे कोणी सांगत नाही.

ते सरावातून आले. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत होते. त्यांनी लहान भिवाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या, असे चरित्रकार नोंदवतात. मराठी वाक्याचे इंग्रजी कर, इंग्रजीचे मराठी कर, योग्य शब्द शोध, पुन्हा लिही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे. पुस्तकांसाठी प्रसंगी पैसे उसने आणायचे. त्याच मुलाला शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेचे दार बंद केले गेले ते त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर उघडले. आणि जी भाषा हाती आली तिच्यात 'जातीचे निर्मूलन' लिहिले, 'रुपयाचा प्रश्न' लिहिला, संविधानाच्या मसुद्याचे काम केले.

म्हणून आम्ही म्हणतो की बाबासाहेबांचे इंग्रजी हा चमत्कार मानू नका. चमत्कार मानला की आपण फक्त हात जोडतो. सराव मानला की वही उघडतो. भाषांतर पाठमाला आजही बाजारात मिळते, आणि पहाटेचे दोन आजही वाजतात.

हे आपल्याकडे बाबासाहेबांच्याही आधीपासून आहे. सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. इंग्रजी शिका, असे सांगणारी कविता त्यात आहे. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे हे सांगायला तेव्हा केवढे धाडस लागले असेल! त्यांच्याच शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहून व्यवस्थेला प्रश्न विचारते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि कर रयत भरते पण शिक्षणाचा पैसा वरच्यांच्या मुलांवर खर्च होतो, हे सरकारला इंग्रजीतच ऐकवले. आपल्या परंपरेत इंग्रजी हे सत्तेला जाब विचारण्याचे हत्यार राहिले आहे.

देवी नको, वही हवी

उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० साली 'इंग्रजी देवी'चे मंदिर बांधायला घेतले होते. विचारवंत चंद्रभान प्रसाद यांची ती कल्पना. संगणकावर उभी असलेली, हातात लेखणी घेतलेली मूर्ती. त्यामागचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. दलितांच्या मुक्तीत इंग्रजीचे स्थान मोठे आहे, आणि इंग्रजीला नाके मुरडणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. देवी करून इंग्रजी येणार नाही. 'सम्यक व्यायाम' हा अष्टांगिक मार्गातला शब्द आपल्याला पुरेसा आहे: योग्य दिशेने, रोज, नेटाने प्रयत्न.

चार आक्षेप

पहिला आक्षेप: "तलाठ्याचे सगळे काम मराठीत, मग इंग्रजी कशाला?" हा आक्षेप बरोबर आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत चालतो. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, पंचनामा मराठीत. मग एक चतुर्थांश गुण इंग्रजीच्या म्हणी आणि समानार्थी शब्दांना कशासाठी? ही चाळणी कोणाला गाळते, हे आपण विचारलेच पाहिजे. आणि विचारले तर फरक पडतो. यूपीएससीच्या सीसॅटविरुद्ध २०१४ साली दिल्लीत हिंदी माध्यमाची मुले रस्त्यावर उतरली. तेव्हा पूर्व परीक्षेतल्या इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांचे गुण गुणवत्तेत धरणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी तो अख्खा पेपर ३३ टक्क्यांचा, केवळ पात्रतेपुरता झाला. पण आंदोलनाचा निकाल लागेपर्यंत परीक्षा थांबत नाहीत आणि तुमचे वयही थांबत नाही.

दुसरा आक्षेप मातृभाषेचा. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, राज्यभर रान पेटले आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. त्या सगळ्या गदारोळात जिल्हा परिषद शाळेत मराठी आणि इंग्रजी या दोन भाषा तरी नीट शिकवल्या जातात का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मराठीवर आमचे प्रेम आहेच. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत निघाले. विनयपिटकात एक प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भिक्खू तथागतांना म्हणतात की वेगवेगळ्या कुळांतले लोक आपापल्या बोलीत धम्म सांगून तो बिघडवतात, तर तो छंदस भाषेत बांधू या. तथागत त्यांना नकार देतात आणि आपापल्या भाषेत शिकायची मुभा देतात. याचा अर्थ आम्ही असा घेतो की समज आधी स्वतःच्या भाषेत आली पाहिजे. ज्याला मराठी उताऱ्याचा मुख्य मुद्दा सांगता येत नाही, त्याला इंग्रजी उताऱ्याचाही सांगता येणार नाही. म्हणून मराठी आणि इंग्रजीचे भांडण लावू नका.

तिसरा आक्षेप: "मग पोरांना इंग्रजी माध्यमातच घालू." तालुक्याच्या ठिकाणी अशा शाळा खूप निघाल्या आहेत. बाप ऊसतोडीची उचल फीमध्ये घालतो, पोराला टाय मिळतो. घरी इंग्रजी बोलायला कोणी नाही, आणि शिकवणाऱ्या बाईंनाच पंधरा वाक्यांपुढे बोलता येत नाही. शेवटी मूल धड मराठीचे राहत नाही, धड इंग्रजीचे होत नाही. इंग्रजी भाषा शिकणे आणि इंग्रजी माध्यम विकत घेणे यांतला फरक आईबापांना समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

चौथा आक्षेप नवा आहे: "मोबाईल भाषांतर करून देतो." परीक्षा हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही, ही झाली गंमत. खरी गोष्ट पुढे आहे. संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १४-अ खालची अपिले, जामिनाचीसुद्धा, उच्च न्यायालयात म्हणजे आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठात जातात. कलम १५-अ ने पीडिताला सुनावणीची नोटीस मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. पण ज्या पीडित कुटुंबाच्या हातात तो इंग्रजी कागद येतो, त्यांच्या वस्तीत तो वाचून "याचा अर्थ असा आहे" असे खात्रीने सांगणारे किती जण आहेत? मोबाईलने एक नकारार्थी शब्द गाळला तर 'जामीन मंजूर' आणि 'जामीन नामंजूर' यांत घोळ होईल, आणि तो पकडायला इंग्रजी येणारा माणूसच लागेल. आकलनाचा सराव नोकरीपुरता नाही, तो असा इथपर्यंत येतो.

सराव कसा करायचा?

शहरातल्या क्लासवाल्यांच्या जाडजूड पुस्तकात पाच हजार शब्दांची यादी असते. ती 'ए' पासून पाठ करायला घेतात आणि 'सी' येईपर्यंत दम संपतो. आमचे तीन सल्ले आहेत.

व्याकरण मराठीशी ताडून शिका. आपल्या चुका कुठून येतात ते कळले की त्या सुटतात. "मी पाच वर्षांपासून अंबडला राहतो," असे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'आय ॲम लिव्हिंग इन अंबड सिन्स फाइव्ह इयर्स' असे लिहून मोकळे होतो. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन लिव्हिंग इन अंबड फॉर फाइव्ह इयर्स'. मराठीच्या एका '-पासून'ची इंग्रजीत दोन कामे होतात: सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', कालावधी सांगायचा तर 'फॉर'. मराठीत 'एखाद्याशी' लग्न होते म्हणून आपण 'मॅरीड विथ' लिहितो, तिथे 'टू' हवे. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो, तिथे 'अबाउट' नकोच. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून 'अ' आणि 'ॲन' चुकतात. तिथे अक्षराकडे बघू नका, उच्चार ऐका: 'ॲन ऑनेस्ट मॅन', पण 'अ युनिव्हर्सिटी'. आणि कधी कधी मराठीच मदतीला येते. 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स' पुढे 'इज' की 'आर'? आपण 'उमेदवारांची यादी लागली' म्हणतो, 'लागल्या' म्हणत नाही. कर्ता यादी आहे, म्हणून 'इज'. चुका शोधायच्या प्रश्नांत हा प्रकार पुन्हा पुन्हा येतो.

शब्द यादीतून घेऊ नका, कुळातून घ्या. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. त्यावरून 'मॅन्युअल' म्हणजे हाताने केलेले, 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणजे हस्तलिखित, आणि 'इमॅन्सिपेशन' म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून, हातातून सुटका. मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगपासून इमॅन्सिपेशनपर्यंत आपल्या चळवळीचा अख्खा प्रवास एका धातूत आहे! 'निहिल' म्हणजे काहीही नाही, त्यावरून 'अ‍ॅनायहिलेशन' म्हणजे पूर्ण नाहीसे करणे. बाबासाहेबांनी १९३६ च्या भाषणाच्या शीर्षकात हा शब्द घातला तो विचार करूनच. जात सुधारायची नाही, शिल्लकच ठेवायची नाही. 'फ्रॅटर' म्हणजे भाऊ, म्हणून उद्देशिकेतली 'फ्रॅटर्निटी' म्हणजे बंधुता. असा शब्द परीक्षेपुरता राहत नाही, जन्मभर राहतो.

आकलनासाठी आपलाच मजकूर घ्या. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे लेखन महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी खंडांपैकी बाराव्या खंडात आहे. वाक्ये सरळ, भूतकाळ स्वच्छ, प्रसंग मनात रुतणारे. मसूर स्टेशनवरची मुले आहेत, बडोद्याची पारशी खानावळ आहे. १९३४ चा दौलताबादच्या किल्ल्यावरच्या पाण्याचा प्रसंग तर आपल्या शेजारचाच आहे. आणि तलाठी भरतीची तयारी करणाऱ्यांनी शेवटचा भाग जरूर वाचावा. भंगी समाजातला एक तरुण बोरसद तालुक्यात तलाठी म्हणून नेमला जातो आणि कचेरीतले लोक त्याच्याशी कसे वागतात, हे त्याने १९३८ च्या मुंबईतल्या सभेत सांगितले होते. त्यालाही नोकरी कष्टानेच मिळाली होती.

एक प्रसंग घ्या आणि त्यावर स्वतः पाच प्रश्न तयार करा. एक, थेट उताऱ्यात असलेले: गाडीवान दुप्पट भाड्यावर कशासाठी तयार झाला? दोन, अनुमानाचे: जात कळल्यावर स्टेशनमास्तरच्या वागण्यातल्या बदलातून काय दिसते? तीन, एखाद्या शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ. चार, लेखकाचा सूर चिडलेला आहे, शांत आहे की उपरोधिक? पाच, उताऱ्याला शीर्षक. परीक्षेतही प्रश्न साधारण याच पाच जातींचे असतात. उत्तर देताना एकच पथ्य पाळा: उताऱ्यात जे लिहिले आहे त्यावरून उत्तर द्या, आपल्याला जे माहीत आहे त्यावरून नको. आमची चळवळीतली मुले नेमकी इथे मार खातात. आरक्षणावर उतारा आला की आपले मत निवडतात, आणि उताऱ्यात लेखकाने वेगळेच म्हटलेले असते. विरोधकाचे म्हणणे आधी जसेच्या तसे समजून घेणे ही शिस्त परीक्षेत लागते आणि वादविवादातही लागते.

मूळ वाचण्याचा आणखी एक फायदा आहे. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" ही घोषणा आपण लहानपणापासून देतो. १९४२ च्या नागपूरच्या भाषणातला इंग्रजी क्रम मात्र 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज' असा आहे. 'अ‍ॅजिटेट' म्हणजे रस्त्यावरचा संघर्ष की मन ढवळून काढणे? हा वाद तुम्हाला स्वतः सोडवता यायला हवा. कोणीतरी सांगितलेले बाबासाहेब किती दिवस ऐकणार?

आता काम

एकट्याने हे होत नाही. आपल्या तालुक्यात ज्या गावात विहार आहे, तिथे संध्याकाळी एक तास, चार-पाच जणांचा गट, एक उतारा, दहा वाक्ये भाषांतर, वही तपासायची एकमेकांची. ज्याला नोकरी लागली त्याने आठवड्यातून एक तास द्यायचा. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतला काही हिस्सा शब्दकोश आणि सराव प्रश्नसंचांना द्यायचा, यावर कोणाला राग आला तर येऊ द्या. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोहोचता येईल अशी वेळ ठेवायची, नाहीतर गट फक्त मुलांचा होतो. आणि विहाराचे दार मातंग, वाल्मीकी, भटक्या, मुस्लिम, कोणत्याही गरीब घरातल्या पोरासाठी उघडे हवे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. पुढे गेलेल्याने मागच्याचा हात धरला नाही तर उद्या आपल्याच माणसांनी आपल्याला जाब विचारला तर तोंड कुठे लपवणार?

आणि सरकारकडे मागायचे तेही ठणकावून मागू. ज्या पदाचे काम मराठीत चालते, तिथे इंग्रजी फक्त पात्रतेपुरती ठेवा. बार्टीचे प्रशिक्षण तालुक्यापर्यंत आणा, इंग्रजीचा पायाभूत वर्ग त्यात धरा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवणारा माणूस नेमा. ऊसतोड मजुरांच्या मुलांचे बुडालेले महिने भरून काढणारे वर्ग उन्हाळ्यात चालवा. निवेदन तहसील कार्यालयात द्यायचे आहे, ते मराठीत लिहू. आणि त्याच निवेदनाची इंग्रजी प्रत आपल्या गटातल्या पोरापोरींनी स्वतः तयार करायची. तो या वर्गाचा पहिला गृहपाठ.

जयभीम! नमो बुद्धाय!